घोडा तोच, लगाम नवा

नवी गाडी घरी आली की सीटवरचं प्लास्टिक काढायला आपला हात धजत नाही. उन्हाळ्यात ते मांड्यांना चिकटतं, पावसाळ्यात कुबट वास मारतं आणि प्रत्येक वळणाला मागच्या सीटवर कुणीतरी पापड मोडतंय असा आवाज करतं. तरी ते राहतं, कारण ते कंपनीचं आहे. काचेच्या कोपऱ्यातला बारकोडचा स्टिकर कंपनीचा, म्हणून तोही राहतो. पायाखाली अंथरलेला कागदसुद्धा काही जण घडी घालून डिकीत जपतात. कंपनीने दिलं ते प्रसाद म्हणून घ्यायचं, असा आपला एकूण भाविक स्वभाव. या भक्तीला एकच अपवाद आहे आणि तो नेमका छातीसमोर असतो : स्टीअरिंग. सगळ्या गाडीत ज्या एका वस्तूत कंपनीने मालकाचा जीव वाचवायचं सामान दाबून भरलेलं असतं, तीच वस्तू हौशी मालक पहिल्या बोनसला काढून टाकतो आणि तिच्या जागी लाल दोऱ्याच्या शिलाईचं, मधोमध वाटीएवढं हॉर्नचं बटण असलेलं काळं चाक बसवून घेतो. सीटवरचं प्लास्टिक मात्र जागच्या जागी.

याला वेडेपणा म्हणून मोकळं होता येईल, पण तो आळस झाला. इतकी माणसं एकाच पद्धतीने चुकतात तेव्हा त्या चुकीमागे काहीतरी पक्का हिशेब असतो. माझ्या मते तो हिशेब असा : दाखवता येतं ते आपलं, दाखवता येत नाही ते कंपनीचं. आणि स्टीअरिंगच्या पोटातली एअरबॅग दाखवता येत नाही. साखरपुड्याला निघालेल्या व्याह्यांना पुढच्या सीटवर बसवून ‘थांबा, आता एअरबॅग दाखवतो’ म्हणायची सोय नाही. ती ज्या दिवशी दिसते त्या दिवशी तिचं कौतुक करायच्या मनःस्थितीत कुणी नसतं, आणि सगळं सुरळीत गेलं तर गाडी भंगारात जाईपर्यंत ती दिसतच नाही. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू जन्मभर न दिसता बसून राहणार, हे कुठल्याही व्यवहारी माणसाला सहन होणारं नाही. लाल शिलाई निदान पार्किंगमध्ये काचेतून दिसते.

हा हिशेब तपासायला उल्हासनगरच्या कॅम्प २ सारखी दुसरी जागा नाही, कारण हे शहरच मुळात आफ्टरमार्केट आहे. इथलं कंपनी फिटिंग दुसऱ्या महायुद्धातलं : कल्याणचा मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प, ओळीने उभ्या बरॅकी, सैनिकाने यावं, थोडे दिवस थांबावं, पुढे जावं. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबं त्या बरॅकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी छावणीचं नाव उल्हासनगर केलं. नाव बदललं, पण कॅम्प हा शब्द काही पत्त्यातून गेला नाही. मग लोकांनी छावणीचं घर करायला घेतलं. बरॅकीला पार्टिशन, पार्टिशनवर पोटमाळा, पोटमाळ्याला जिना, जिन्याखाली दुकान, दुकानापुढे फळी. हातात काही नसताना जे मिळालं ते गरजेप्रमाणे बदलून घ्यायचं, ही इथली पहिली विद्या, आणि तिच्यावरच हे शहर उभं राहिलं. तिची चेष्टा करणाऱ्याने आधी एका बरॅकीच्या तुकड्यात संसार करून दाखवावा. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा जुना विनोदही बाहेरच्यांपेक्षा इथलेच लोक जास्त खुलवून सांगतात. तेव्हा बदल करण्याला माझा आक्षेप नाही. प्रश्न एवढाच की छावणी राहायला गैरसोयीची होती म्हणून बदलली, स्टीअरिंग कशाला गैरसोयीचं होतं? ते गोल आहे, हातात मावतं, डावीकडे फिरवलं की गाडी डावीकडे जाते. याहून जास्त आज्ञाधारक वस्तू आपल्या घरात दुसरी नसते.

खरेदीच्या वेळचं बोलणं ऐकलं तर माझा मुद्दा आणखी पक्का होतो. गिऱ्हाईक विचारतं, “ओरिजिनल आहे का?” उत्तर येतं, “ओरिजिनलची फर्स्ट कॉपी आहे.” “म्हणजे डुप्लिकेट?” “डुप्लिकेट वेगळं, दादा. ते समोर मिळतं.” जिथून जपानी बाजार हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे जाऊन जपान कुठाय असं कुणी विचारत नाही, त्या गावात हे उत्तर पूर्ण समाधानकारक ठरतं. चाकावर मोमो असं छापलेलं असलं म्हणजे झालं. हे नाव इटलीचं. जियानपिएरो मोरेत्ती नावाच्या शर्यतवीराने १९६०च्या दशकात स्वतःच्या गाडीसाठी जाड मुठीचं स्टीअरिंग करून घेतलं, ते इतरांना आवडलं आणि त्याचा धंदा झाला. मोन्झाच्या शर्यतीच्या मैदानाचा ‘मो’ आणि मोरेत्तीचा ‘मो’ मिळून मोमो. आता नव्या स्टीअरिंगवरचं हे नाव बायकोला कौतुकाने वाचून दाखवावं तर ती म्हणते, “अहो, नाक्यावर प्लेट घेतली असती तर चटणी तरी आली असती.” तेव्हा नाव दाखवायला योग्य प्रेक्षक लागतो, तो बहुधा बिल्डिंगखालचा पुतण्या असतो. तो मात्र “काका, एक नंबर!” म्हणतो, आणि तिथे पैसे वसूल होतात. या संपूर्ण व्यवहारात ‘गाडी आता चांगली वळते का?’ हा प्रश्न कुणीच कुणाला विचारत नाही, हे लक्षात घ्यावं.

काय काढलं आणि काय बसवलं, याचा जमाखर्च मांडू. प्रस्तुत लेखकाला बोनेट उघडल्यावर फक्त बॅटरी ओळखता येते, तीही तिच्यावर नाव असतं म्हणून. पण एवढा हिशेब मेकॅनिक नसलेल्यालाही जमेल. जुन्या काळी स्टीअरिंगचा दांडा म्हणजे छातीवर रोखलेला भाला होता. समोरून धडक बसली की तो मागे सरकायचा आणि चालकाला भोसकायचा. इंजिनिअर मंडळींनी यावर वर्षानुवर्षं डोकं चालवून धडकेत दबणारे, मुडपणारे दांडे तयार केले. अमेरिकेने १९६८ पासून त्यांची सक्तीच केली. त्यावर एअरबॅग आली. धडक बसल्याचं कळताच चाकाच्या मध्यावरचं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि सेकंदाच्या साधारण तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शात नायलॉनची पिशवी फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. ही पिशवी त्या चाकाच्या पोटात. ते काढून आपण काय बसवतो? एक ॲल्युमिनियमचा डबा, त्याला बॉस किट म्हणतात, आणि त्यावर सहा बोल्टांनी आवळलेलं चाक. कंपनीने एका मोठ्या नटवर भागवलं होतं. आता त्या नटच्या डोक्यावर सहा बारके बोल्ट. काम संपल्यावर पायाखालच्या मॅटवर एखादा सापडतो. “हा कुठला?” “उरला. किटमध्ये एक जास्तच देतात.” दबणारा दांडा तेवढा जागेवर राहतो; त्याच्या आणि छातीच्या मधली पिशवी गेली, तिच्या जागी लाल शिलाई आली.

एवढ्यावर थांबत नाही. जुन्या चाकामागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते; एअरबॅगच्या, हॉर्नच्या, रेडिओच्या बटणांच्या वायरी तिच्यातून जातात, म्हणून चाक कितीही फिरलं तरी वायर पिळवटत नाही. ती गेली की घरातली मोठी सून माहेरी गेल्यासारखं होतं : कोण काय करत होतं ते तेव्हा कळतं. रेडिओचा आवाज वाढवायची बटणं गेलेली असतात, त्यामुळे जे गाणं लागलंय ते ऐकावं लागतं. वळण झाल्यावर इंडिकेटर आपोआप बंद व्हायचा, तो आता होत नाही. नेहरू चौकात उजवीकडे वळलेली गाडी शहाडच्या पुलापर्यंत उजवीकडे वळायचा इरादा जाहीर करत जाते आणि मागचा रिक्षावाला श्रद्धेने वाट पाहतो. हॉर्नचं तर विचारूच नका. कंपनीच्या चाकावर तळहात कुठेही आपटला तरी हॉर्न वाजायचा. इथे मधल्या वाटीवर अंगठा अचूक ठेवावा लागतो, आणि कॅम्प २ मध्ये हॉर्न हे वाद्य नसून श्वास आहे. काही गाड्यांत उलटा चमत्कार होतो : वायर कुठेतरी घासते आणि डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. मालक त्यालाही फीचर म्हणतो. दांड्याच्या दात्यांवर चाक एक घर इकडेतिकडे बसलं तर सरळ रस्त्यावर मोमोचं नाव तिरकं दिसतं. नाव सरळ केलं की गाडी गटाराकडे निघते. मग मालक मनाची तयारी करतो आणि आयुष्यभर दहा अंश वाकडं धरून सरळ जातो. शिवाय चाक लहान झाल्यामुळे वेग दाखवणारी तबकडी नेमकी ४० ते ८० च्या मधे झाकली जाते. पोलिसाने वेग विचारला तर ‘बघितला नाही’ हे उत्तर प्रथमच खरं असतं.

आता आक्षेप. पहिला, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात घेतला जाणारा : “ग्रिप भारी मिळते.” मिळते, मान्य. पण कशाला? गजानन मार्केटच्या बाजूने संध्याकाळी निघालेल्या गाडीपुढे कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी असते, आणि गाडीचा वेग म्हणजे त्या हातगाडीवाल्याचा वेग. त्याला शिंक आली तर मागे गोल मैदानापर्यंत सगळे थांबतात. या वेगाला स्टीअरिंग धरायला करंगळी पुरते. दुसरा हात वडापावसाठी मोकळा राहतो. दुसरा आक्षेप : “रेसिंगवाले हेच वापरतात.” वापरतात. पण त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, अंगावर पाच-सहा पट्टे आवळलेले असतात, मान झटक्याने मोडू नये म्हणून खांद्यावर वेगळं जोखड असतं, आणि समोरून बैल येत नाही. त्यांच्याकडून एक चाक उचलायचं आणि बाकी सगळं तिथेच ठेवायचं म्हणजे सर्जनकडून फक्त सुरी आणून ऑपरेशनला बसण्यासारखं आहे. खालून चपटं केलेलं चाक हीसुद्धा त्यांचीच देणगी. अरुंद जागेत पाय शिरावेत म्हणून त्यांनी ते कापलं. आपल्याकडे ते पोटाच्या सोयीचं ठरलं, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. सबंध बदलात हा एकच खरा फायदा आहे आणि नेमका तोच कुणी तोंडाने सांगत नाही.

तिसरा आक्षेप जास्त हुशार आहे. “या गावात गाडी वीसच्या वर जात नाही, एअरबॅग उघडणार कधी?” वरवर बिनतोड वाटतो. पण स्पोर्टचं चाक हवं कारण वेग आहे, आणि एअरबॅग नको कारण वेग नाही, हे एकाच तोंडाने एकाच दुकानात कसं म्हणायचं? दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवावं लागेल. शिवाय हीच गाडी रविवारी शिर्डीला निघते, आणि समृद्धी महामार्गावर हातगाड्या नसतात. चौथा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो : जुन्या गाडीत एअरबॅगच नव्हती, तिथे काय गमावलं? डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, यांच्या चाकात प्लास्टिक आणि हॉर्न याखेरीज काही नव्हतं. तिथे हौस म्हणून चाक बदललं तर जीव वाचवायचं सामान जात नाही. जातो तो दंड. त्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नव्हतं, म्हणूनच चाक थाळीसारखं मोठं आणि किडकिडीत होतं. व्यास जितका मोठा तितकी ताकद कमी लागते. ३८० मिलिमीटरचं काढून ३५० चं बसवलं तर प्रत्येक वळणाला आठ-नऊ टक्के जास्त जोर. पार्किंगमध्ये मागेपुढे करताना ते टक्के घामाने मोजता येतात. ज्यांना व्यायामाची आवड आहे त्यांनी जरूर बसवावं.

पाचवा आक्षेप कायद्याचा, आणि तो नेहमी वकील नसलेला माणूस घेतो. “आरसी बुकात स्टीअरिंगचा उल्लेखच नाही, मग बदल कुठे झाला?” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांत फरक पडेल असे बदल अडवतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षी दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ मालकाला सरळच धरतं : परवानगी नसलेल्या पद्धतीने सुटे भाग बसवून गाडी बदलली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द वाचून अनेक गाड्यांच्या मालकांनी बेरीज करणं सोडून दिलेलं बरं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दावा अडवायलाही कामी येतो. यावर इथल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं : “होईल रेग्युलराइज.” आणि या आशेला आधार नाही असं म्हणता येत नाही. उल्हासनगरमधली अनधिकृत बांधकामं दंड भरून नियमित करण्यासाठी राज्याने २००६ साली खास या एका शहराच्या नावाने कायदा केला होता. ज्याच्या आख्ख्या बिल्डिंगसाठी विधिमंडळ बसलं, त्याला एका चाकाची काय भीती? फरक इतकाच की इमारत नियमित करायला वेळ मिळतो. धडक क्षणार्धात संपते आणि तेवढ्यात अध्यादेश निघत नाही.

माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा अजून बाकी आहे. एअरबॅग काढली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि तो विझत नाही. गाडी म्हणते आहे, माझं काहीतरी हरवलं आहे. मालक म्हणतो, “तो दिवा घालवा.” मग जुन्या वायरीत दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर जोडतात. किंमत चहापेक्षा कमी. गाडीला वाटतं, एअरबॅग आली, दिवा विझतो, सगळे खूश. याच काउंटरवर सीटबेल्टच्या खाचेत खुपसायची रिकामी क्लिप असते. पट्टा न लावता ती खुपसली की भोंगा गप्प बसतो. या क्लिपा ऑनलाइन इतक्या खपत होत्या की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२३ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांना त्या यादीतून काढायचा आदेश द्यावा लागला. म्हणजे गाडीत सुरक्षिततेची जी दोन साधनं, त्या दोन्हींची आपल्याला अडचण नव्हती. त्यांनी तोंड उघडलं याची होती. दिवा दिसतो, म्हणून त्याचा बंदोबस्त केला. पिशवी दिसत नाही, म्हणून तिची आठवणही आली नाही.

लोकल अंबरनाथ ओलांडून पुढे गेली की बदलापूर. प्रवासातले घोडे तिथे बदलत, म्हणून ते नाव पडलं अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तीत व्यवहार शहाणपणाचा दिसतो : दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा, लगाम मात्र हातात रुळलेला तोच ठेवायचा. आपण ते उलटं केलं आहे. घोडा तोच, हप्ता तोच, पुढची हातगाडी तीच, खड्डे तर पिढीजात. त्यातलं काहीच आपल्याला बदलता येत नाही. हातात येतो तो फक्त लगाम, म्हणून तो बदलायचा, आणि वाटतं घोडा नवा झाला. यात मी माणसाला हसत असलो तरी त्याला पूर्ण दोष देत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या मर्जीने थांबणाऱ्या माणसाला गाडीत एक तरी गोष्ट स्वतः निवडलेली हवी असते. ती सीट कव्हर असावी, गिअरची मूठ असावी, कंपनीच्याच चाकावर चढवलेलं शिवलेलं कव्हर असावं. कापड आणि शिलाईचं ज्ञान या गावाला कुणी शिकवायची गरज नाही, आणि लाल दोरा तिथेही घालता येतो.

राहता राहिलं जुनं स्टीअरिंग. ते विकत नाहीत, फेकत नाहीत. कंपनीचं ना! ते जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर जातं, पितळी पातेली आणि गेल्या वर्षीचा आकाशकंदील यांच्यामध्ये, एअरबॅगसकट. गाडीत माणसं उघडी आणि माळ्यावर पातेली सुरक्षित. तेव्हा ज्यांच्या घरी असं गाठोडं आहे त्यांना एवढंच सांगणं : दिवाळीत माळा झाडायला चढाल तेव्हा ते आपटू नका, त्यावर हातोडी चालवू नका आणि भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. पिशवी फुगवायचं रसायन त्यात अजून तसंच आहे. गाठोडं खाली उतरवून गॅरेजला न्या, आधी बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबायला सांगा आणि क्लॉक स्प्रिंगसकट ते गाडीला परत बसवून घ्या. मजुरी काढताना लागली तेवढीच लागेल.